चुन्याचा धूर कोणाचा?

राज्याचा धूर कमी झाला, हे कसं ओळखायचं, सांगा पाहू?

दुर्जयराजाने टेकडीवरून धूर मोजायला शिपाई बसवले होते. तो गरजला, "आमच्याकडे एकही भट्टी पेटत नाही. शेजारच्या खैरपूरचा धूर मात्र वाढलाय! उद्या त्यांच्या चुनाभट्ट्या विझवा."

खैरपूरचं पोट त्या भट्ट्यांवरच होतं. तिथली कारभारीण सगुणा लांबून चालत दरबारात आली. तिने भिंतीचा आधार घेतला, तर हात पांढरा झाला.

"महाराज, हा चुना कुठला?"

"तुमच्याकडचाच. आमच्या भट्ट्या आम्ही केव्हाच बंद केल्या!"

"मग शेजारणीच्या चुलीवर भाकऱ्या भाजून घ्यायच्या, खायच्या आपण, आणि धुराचा बोल तिला लावायचा?"

राजाने भिंतीवरून बोट फिरवलं, ते पांढरं झालेलं पाहिलं आणि भट्ट्या विझवायचा हुकूम मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरपूरच्या भट्ट्या पेटल्या आणि शिपायांनी राजवाड्याच्या चुन्याचा धूर राजाच्या नावे मोजला.