हौसाबाईचे रंगलेले हात

आमच्या काटगव्हाणात नवरीच्या तळहातावर नक्षी काढत नाहीत. तुम्ही मुलाकडची मंडळी सकाळपासून कुजबुजताय, मेंदीवाली अर्ध्यातच उठून गेली की काय, म्हणून सांगते. मनगटापासून कोपरापर्यंत मोर काढा, डोली काढा, नवऱ्याचं नाव लपवा. तळवा मात्र सपाट लालच राहणार. त्याला कारण हौसाबाई.

गोष्ट फार जुनी. माझ्या आजेसासूबाईंनीही ती ऐकलेलीच. हौसाबाईचा नवरा ऐन तिशीत गेला, पदरात ठकू नावाची एकुलती एक मुलगी. घरामागे मेंदीचं कुंपण होतं, त्यामुळे गावातल्या प्रत्येक नवरीची मेंदी पाट्यावर वाटायची तीच. वाटणं म्हणजे कंबर मोडणारं काम, ते विधवेनं केलेलं चालायचं. तिच्या हाताला रंग लागलेला मात्र चालायचा नाही. म्हणून ती तळव्यांना तेल चोळून वर चिंध्या गुंडाळायची, वाटलेल्या मेंदीचं भांडं उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि आल्या पावली घरी जायची. शहाण्या माणसांनी घालून दिलेली रीत म्हणे ही. मला तरी तीत शहाणपण दिसलेलं नाही.

पुढे ठकूचंच लग्न ठरलं. आदल्या दिवशी पहाटेपासून हौसाबाई वाटायला बसली. उद्या घर रिकामं होणार, या विचारात ती तेलही विसरली आणि चिंध्याही. भांडं घेऊन अंगणात आली तेव्हा दोन्ही तळवे लालभडक झाले होते.

नवऱ्या मुलाची आत्या चंद्राबाई चोळी घेऊन आली होती. तीही विधवाच, पण सासरच्या घरात शब्द तिचाच चालायचा. ती म्हणाली, "कपाळ पांढरं आन् हात लाल? आधी ते हात धुवा. न्हाई तर ही सोयरीक आमाला नगं."

हौसाबाई ओढ्यावर गेली. तिने हात राखेने घासले, चिंचेने घासले, शेवटी वाळूने घासले. पण मेंदीच ती, धुऊन जाते थोडीच; उलट वेळ जाईल तशी चढते. कातडी सोलवटली तरी रंग हटेना. आपल्याच हातांनी लेकीचं लग्न मोडलं, एवढंच तिच्या मनात होतं.

तेवढ्यात ठकू भांडं घेऊन तिथे आली. मागोमाग सगळ्या बायका. तिने आईच्या सोललेल्या तळव्यांवर गार मेंदी थापली, त्यावर आपले तळवे दाबले आणि समोर बसली.

"लगीन मोडंल गं," आई म्हणाली.

"मोडू दे. तुझ्या हातची मेंदी न्हाई, तर मला कुणाचीच नगं."

असं सांगतात, की दोघी दुपारपासून ऊन कलेपर्यंत तशाच बसल्या. त्यांना उठवायला कुणी धजावलं नाही. चंद्राबाई वरच्या खडकावर उभी राहून बघत होती. नवरा गेल्यापासून तिचा हात कुणी हातात घेतला नसावा, असं मला आपलं वाटतं. शेवटी ती खाली उतरली, भांड्याजवळ बसली आणि तिने आपले दोन्ही हात ठकूपुढे धरले. ठकूने तिच्याही तळव्यांवर मेंदी थापली.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. त्या तिघींच्या हातांचा रंग म्हणे वर्षभर उतरला नाही. तेवढं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आजही आमच्या गावात नवरीची पहिली मेंदी विधवा बाईच वाटते, उघड्या हातांनी. नवरी आधी तिच्या तळव्यांवर आपले तळवे टेकवते. कोन, फोटो, नाचगाणी सगळं नंतर. आमचे मालक गेले, तेव्हा वर्षभर मी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग एक दिवस शेजारची सुलोचना टोपलीभर पाला घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "वैनी, पोरीचं लग्न आलंय. वाटायला तुम्हीच बसायचं." बसले. आणि तो रंग उतरायच्या आत दुसऱ्या घरून पाला आला.