फुल्यांच्या जागी

"त्या फुल्यांच्या जागी काय व्हतं?" धोंडीबुवांनी विचारलं.

"तेच तर सापडत नाही, बुवा."

अच्युतराव खासगीवाले मान खाली घालून बसले होते. साताऱ्याच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. मान खाली घालायची त्यांना सवय नव्हती.

छंद एकच, पण जन्माला पुरलेला. प्राचीन ग्रीक प्रहसनांची जुनी भाषांतरं जमवायची. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, मिळेल त्या भाषेतली. कातडी बांधणीची, सोनेरी कडांची. एकोणिसाव्या शतकानंतर छापलेलं पुस्तक कपाटात शिरू द्यायचं नाही, असा नेम. नेम कसला, ताठा म्हणा.

धोंडीबुवा कोयनेकाठच्या मठीत राहायचे. ऐन उमेदीत ते तमाशात सोंगाड्या होते, गावंच्या गावं हसवून लोळवलेली. मग एक दिवस गळ्यात माळ घालून इथं येऊन बसले. लोक म्हणायचे, बुवांनी सोंग उतरवलं. बुवा म्हणायचे, चढवलं. अशा माणसाला अच्युतरावांनी गुरू मानलं होतं.

"एकाच नाटकाच्या सतरा आवृत्त्या आहेत माझ्याकडे," अच्युतराव म्हणाले. "ऐन हशाच्या जागी लंडनच्या एका पाद्र्यानं फुल्या घातल्यात. जर्मन पंडितानं ती ओळच गाळलीय. एक मराठी भाषांतर आहे, बेळगावच्या कुणा मास्तरांचं. त्यात छापलंय, 'येथील मजकूर सभ्य वाचकांसाठी वगळला आहे.'"

"मग नव्या पुस्तकात बगायचं."

"नव्यात असेल. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या दुकानातसुद्धा मिळेल. पण मी नवं घेत नाही."

"का?"

"नेम आहे माझा."

"नेम," बुवांनी तोच शब्द परत म्हटला. माणसाचं बोलणं त्याच्याच कानावर नीट पडू द्यायची त्यांची जुनी खोड.

"मग आज एवढी घाई कशापायी?"

अच्युतरावांनी बायकोचं नाव घेतलं. "कुमुदपायी. सात महिने झाले, अंथरुणाला खिळलीय. उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत."

बुवांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"परवा म्हणाली, घरभर विनोदी नाटकं भरलीत तुम्ही. चाळीस वर्षं मी त्यांच्यावरची धूळ पुसली. जायच्या आधी एकदा हसवा तरी... मी वाचायला बसलो. फुल्यांपर्यंत आलो. तिनं विचारलं, मग पुढं? मी म्हटलं, पुढं लोक हसतात... ती भिंतीकडे बघत राहिली."

बुवा पुढं सरकून बसले.

"फुल्यांच्या आधी काय हाय?" बुवांनी विचारलं.

"एक म्हातारा शेतकरी. मोठा तोऱ्याचा, गावाला अक्कल शिकवणारा. तो तेलाचा रांजण उचलायला वाकतो."

"आणि नंतर?"

"शेजारी पळत सुटतो. नाक धरून."

"नाक धरून?"

"हो."

"आणि तुमाला चाळीस वर्सं कळंना?"

अच्युतराव चुळबुळले. "अंदाज आहे हो. पण लेखकानं नेमकं काय म्हटलंय त्याला प्रमाण नको? अंदाजानं कसं वाचायचं?"

बुवांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "ते जोंधळ्याचं पोतं इकडं आणा."

"मी?"

"तुमीच."

आली का पंचाईत! वय सत्तरीच्या पुढं. त्यात दुपारी मठीच्या पंगतीत वाटाण्याची उसळ त्यांनी दोनदा मागून घेतली होती. पण गुरूचा शब्द. अच्युतरावांनी बाह्या सारल्या, वाकले, पोत्याला मिठी मारली, दात-ओठ खाऊन जोर केला, आणि...

बुवा नाक धरून अंगणात पळाले.

अच्युतराव पोतं कवटाळून तसेच उभे. कानशिलं लाल झालेली. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा, त्याच्यावर ही पाळी.

दाराच्या चौकटीतून बुवांचं अर्धं तोंड डोकावलं. नाक अजून चिमटीत. भुवया वर चढलेल्या, डोळे बाहेर आलेले. कधीकाळी याच तोंडानं यात्रेच्या यात्रा गडाबडा लोळवल्या होत्या.

अच्युतरावांच्या तोंडातून आधी नुसता फुस्स आवाज आला. मग ते हसू लागले. पोतं सुटलं, त्याच्यावरच बसकण मारली. पोट दुखेपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि मग ते पाणी थांबेना.

"कुमुद हवी होती हो इथं," ते म्हणाले. "कुमुद हवी होती."

बुवा आत आले. शेजारी टेकले. पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

"दोन हजार वर्सांमागंबी असंच वाजलं आसंल," थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले.

अच्युतरावांना पुन्हा हसू फुटलं. खूप महिन्यांनी त्यांना हलकं वाटत होतं, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

चारच्या एसटीला ते निघाले. पायात चपला घातल्या. घरी जायची एवढी ओढ त्यांना कित्येक दिवसांत लागली नव्हती. उंबऱ्याशी मात्र पाय अडखळला. जित्याची खोड, ती इतक्यात कुठं जाते.

"बुवा, तिच्यापुढं आज कुठली आवृत्ती नेऊ? लंडनची... का बेळगावची?"

"सगळ्यात जड आसंल ती."