यसाईचा माळ आणि मुक्या घंटा

आजच्या म्हाताऱ्यांचे पणजेही रांगत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. बेलखडीच्या वरचा तांबडा माळ तेव्हा असा नव्हता. पाऊस बेताचा, आणि पडला तरी तिथं काही धड उगवायचं नाही. उगवेल त्या काडीला मेंढरू तोंड लावायचं नि फुरफुरून बाजूला व्हायचं. म्हणून दर साल धनगरांना कळप घेऊन परमुलखात जावं लागे. वाटेत कोकरं दगावत, माणसंही दगावत. म्हाकू धनगराची आई अशीच वाटेवर गेली. तिला ज्या झाडाखाली पुरलं, ते झाडही त्याला पुन्हा सापडलं नाही.

गावात यसाई नावाची लोणारीण होती, चुना भाजणारी. भट्टीच्या धुरानं तिचे डोळे गेले होते. पोरक्या म्हाकूला तिनंच पोटाशी धरलं. एक दिवस तिनं माळाची चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थू करून थुंकली. "म्हाकू, ही माती आंबलीया रं! माझ्या भट्टीभवती बघ, चुना सांडतो तिथं मेंढरं कशी हावरी चरत्यात. माळाला चुना चारू. गवत आलं, की कुणाला मुलूख सोडाया नको."

लोक हसले. हसायचेच! म्हाकू मात्र हसला नाही. दोघांनी ओढ्यातली चुनखडी वेचली, भट्टीत भाजली, पाणी मारून फुलवली, आणि गार झालेलं पांढरं पीठ माळावर पसरलं. मग हळूहळू सगळा गाव पाट्या घेऊन आला. असं म्हणतात, यसाई चालायची तिथं तिच्या पावलांमागं हिरवळ उठायची. ते काहीही असो, काही पावसाळे गेले आणि माळावर कमरेएवढं पवना गवत डोलू लागलं.

यसाईनं एकच अट घातली. "बी झडंस्तवर कुणी कळप घालायचा न्हाई. औंदा बी मातीत पडलं, की माळ कायमचा आपला." आणि ती आंधळी म्हातारी माळाच्या तोंडाशी राखणीला बसली. डोळे नसले म्हणून काय झालं, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या ना!

त्या साली पावसानं मध्येच दडी मारली. खालचं रान करपलं. म्हाकूच्या मेंढ्या नुकत्या व्यालेल्या, कासेत दूध नाही, कोकरं ओरडून ओरडून दारात पडलेली. आणि समोर एवढं गवत! आता काय सांगावं तुम्हाला. म्हाकूनं भर दुपारी घंटांत लोकर कोंबली आणि म्हातारीच्या पाठीमागून कळप आत घातला. एक-दोन दिवसच, असं त्यानं मनाला समजावलं. पण त्याचं बघून दुसऱ्यानं लोकर कोंबली, मग तिसऱ्यानं. बी धरायच्या आत माळ मुळापर्यंत खरवडून निघाला.

म्हाकू भाकरी घेऊन गेला, तेव्हा म्हातारी खुशीत होती. "एक घंटा वाजली न्हाई, लेकरा. माझी माणसं शब्दाची पक्की." मग ती गवत चाचपायला उठली. हात मातीवरच फिरत राहिला, खुंट बोचत राहिले.

"म्हाकू," ती म्हणाली, "बी झडलं व्हतं का रं?"

म्हाकूनं हातातली भाकरी खाली ठेवली. यसाई तिथंच खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

म्हाकूनं घंटांतली लोकर उपसून काढली, तरी एकही घंटा वाजेना. असं म्हणतात, त्या साली कळप परमुलखात गेले ते मुकेच गेले. म्हाकू गेला नाही. त्यानं कळप एका चुलतभावाच्या हाती दिला आणि डोकं पांढरं होईस्तवर एकटा चुना वाहत राहिला. एका कार्तिकात म्हातारा म्हाकू माळातून चालत आला आणि बघतो तर घोंगडीला गवताचं बी चिकटलेलं. त्याच घडीला खाली गावातल्या साऱ्या घंटा आपोआप वाजल्या, असं म्हणतात. म्हाकू धावत माळाच्या तोंडाशी गेला. "यसाई, झडलं गं बी!" म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला. ऐकायला होतं कोण?

बेलखडीत आजही घंटेत कुणी लोकर कोंबत नाही. पोरानं खेळात कोंबली तरी पाठीत धपाटा बसतो. कार्तिकात सर्वांत म्हातारा धनगर घोंगडी पांघरून माळातून चालतो. बी चिकटलं, तर सगळे कळप माळाच्या तोंडाशी आणतात, हातानं घंटा खुळखुळवतात आणि ओरडतात, "यसाई, बी झडलं गं!" मग मान खाली घालून उत्तराची वाट बघतात. उत्तर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी थोडा वेळ थांबतात, आणि मगच कळप आत सोडतात.