फ्रेंडशिप नावाची नाव

“पौर्णिमेपर्यंत जहाज पाण्यात दिसलं पाहिजे! नाहीतर तुझी होडी जप्त आणि तू गजाआड!”

कुडगाव संस्थानचे राजे दाजीसाहेब असे गरजले आणि रखमाजी नावाड्याच्या तोंडचं पाणीच पळालं. जहाज? अहो, कुडगावहून समुद्र आठ दिवसांच्या वाटेवर! गावाजवळून वाहायची ती गोमटी नदी. बाकी सगळी उथळ, मधला एक डोह तेवढा होडीजोगा. रखमाजीनं उभ्या जन्मात जहाज पाहिलं नव्हतं, तो बांधणार काय, कपाळ!

भानगड झाली होती एका पत्रामुळे. छावणीतल्या गोऱ्या साहेबानं लिहिलं होतं, ‘पौर्णिमेला भेटीस येतो. आपली फ्रेंडशिप मिळावी, एवढीच इच्छा.’ आता दाजीसाहेबांचं इंग्रजी म्हणजे चित्रांच्या पुस्तकाची पहिली चार पानं. त्यात ‘शिप’ या शब्दापुढे भलंमोठं जहाज काढलेलं होतं, आणि ते राजेसाहेबांच्या डोक्यात नांगर टाकून बसलं होतं.

“फ्रेंड म्हणजे दोस्त, शिप म्हणजे जहाज. साहेबाला दोस्तीचं जहाज हवंय!” दाजीसाहेबांनी भर दरबारात फोड करून सांगितली. “शेजारच्या संस्थानात स्कॉलरशिप आहे म्हणे. तिथे विद्वानांनासुद्धा वेगळं जहाज, आणि आमच्याकडे एक गळकी होडी! लाज वाटते आम्हाला!”

दिवाणजींना इंग्रजी उत्तम येत होतं. म्हणूनच ते गप्प बसले. बोलले ते राजेसाहेबांना इंग्रजी शिकवणारे खरे मास्तर.

“सरकार, हे शिप म्हणजे जहाज नव्हे. शब्दाला लागलेलं शेपूट आहे ते. आपण बालपण म्हणतो, माणूसपण म्हणतो, त्यातल्या ‘पण’सारखं...”

“आम्हाला शेपूट दाखवता? चालते व्हा संस्थानातून!”

झालं! मास्तरांनी ट्रंक उचलली आणि नदी गाठली. रखमाजी हातपाय गाळून बसला होता, म्हणून त्याची लेक गोदी वल्ह्यावर बसली.

“मास्तर, तुम्हाला का हो हाकललं?”

“बरोबर बोललो म्हणून!” मास्तर चिडून म्हणाले, आणि शेपटाचं सगळं प्रकरण त्यांनी तिला ऐकवलं. “फ्रेंडशिप म्हणजे मैत्री. स्कॉलरशिप म्हणजे हुशार मुलांना शिकायला मिळणारी मदत. हार्डशिप म्हणजे हालअपेष्टा. यातलं एक तरी पाण्यावर तरंगतं का, सांग!”

“शेवटचं काय म्हणालात? हार्डशिप?” गोदीनं होडीत शिरलेलं पाणी नारळाच्या नरोटीनं उपसलं आणि तो शब्द मनात दोनदा घोकला.

पौर्णिमा उजाडली. घाटावर ताशे-सनई, तोरणं, सगळा थाट! जहाजासाठी आणून टाकलेले सागाचे ओंडके मात्र जसेच्या तसे. रखमाजी दोन शिपायांच्या मधे उभा. बापाला असं पाहून गोदीनं वल्हं आणखी जोरात मारलं. तिच्याच होडीतून पलीकडून साहेब येत होता, गुडघे छातीशी घेऊन, बूट ओले करत.

होडी टेकली तसे दाजीसाहेब कडाडले, “या डबड्यातून आणलंस साहेबांना? फ्रेंडशिप कुठाय?”

गोदी साहेबाकडे वळली. “साहेब, सरकार विचारतात, फ्रेंडशिप कुठाय?”

साहेबाचा चेहरा उजळला. टुणकन उतरून त्यानं दाजीसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गदगदा हलवला. “फ्रेंडशिप? हा घ्या, राजासाहेब! आमी आनला!”

दाजीसाहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग साहेबाकडे, मग नदीकडे. हळूच गोदीकडे झुकून ते पुटपुटले, “जहाज कुठाय गं?”

गोदीही तितक्याच हळू म्हणाली, “सरकार, फ्रेंडशिप हे नाव आहे. ती नाव नव्हे!”

राजेसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं की! सांगणाऱ्याला मीच नदीपार सोडून आले!”

दिवाणजींना अचानक खोकला आला. दाजीसाहेबांनी मिशा चावल्या. पोरीला धरावं तर साहेब हसतमुखानं समोर उभा! तरी जाता जाता एक टोला हाणावा म्हणून त्यांनी पायानं होडीला ढोसलं. “आणि ही? निदान ही तरी शिप आहे ना?”

“आहे ना, सरकार! हिचं नाव हार्डशिप. अख्खी रयत हिच्यातूनच ये-जा करते!”

साहेबानं आपल्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि तो असा खदखदून हसला की सनईवाला सूर चुकला. “हार्डशिप म्हंजे हाल, राजासाहेब! खूप हाल! आमी आत्ता त्यातूनच आला!”

दाजीसाहेबांनी होडीच्या तळाशी कोंबलेल्या चिंध्या पाहिल्या, नरोटी पाहिली, रखमाजीच्या बरगड्याही पाहिल्या. ओठ दाबून पाहिले, पण हसू काही आवरेना. हसता हसता पगडी कलली, ती दिवाणजींनी सावरली.

“सोडा त्या रखमाजीला! खरे मास्तरांना मानानं परत आणा! आणि हा सगळा साग गोदीचा. यातून तिला मोठी, कोरडी, नवीकोरी नाव बांधून द्या!” मग त्यांनी गोदीकडे रोखून पाहिलं. “तिच्यावर काय लिहायचं, तेही तूच सांग!”

गोदीनं वाकून मुजरा केला. “फ्रेंडशिप लिहा, सरकार! म्हणजे आपला हुकूम तंतोतंत पाळला जाईल. ते नावही होईल आणि ती नावही!”