शेवटी उभा राहणारा

त्या राज्यात अक्षरे राहत असत आणि ज्याच्यापासून एखादा शब्द सुरू होईल, त्यालाच तिथे घर मिळे. ङ आणि ञ यांनी वाट बघून बघून हाय खाल्ली आणि ते गेले. ण हा न च्या पडवीत मान खाली घालून दिवस काढत होता. उरला ळ. एकही शब्द त्याच्यापासून सुरू होत नव्हता आणि त्याला तर घराचा भारी ध्यास.

तो आधी ल कडे गेला. ल मनाने वाईट नव्हता. "कंबर जरा सरळ कर आणि माझ्यासारखं बोल," तो म्हणाला. "चुलतभाऊ म्हणून खपून जाशील." ळने आठ दिवस जिवापाड प्रयत्न केला, पण जन्माचे वळण कुठले सुटायला! लोक हसू लागले तेव्हा ल नेच त्याला मागच्या दाराने काढून दिले.

वेशीजवळ म्हातारी ब राहत असे. तिने त्याला ओसरीवर घेतले. ती त्याला "बाळ" म्हणे. ताट निवून गेले तरी ळ आत जात नसे. तिने आणखी एकदा हाक मारावी म्हणून मुद्दाम अंगणात रेंगाळे. इतके सुख त्याला ठाऊकच नव्हते.

ही गोष्ट कारभारी क च्या कानावर गेली. त्याने ळला चावडीवर बोलावले.

"कुळ सांग. मूळ सांग."

"कारभारी, दोन्हीत मीच तर आहे."

"आहेस. पण शेवटी उभा. शेवटी उभं राहणाऱ्याला इथं घर नसतं."

ब हातापाया पडली. कोणी ऐकले नाही. अक्षरे दगड घेऊन त्याच्यामागे वेशीपर्यंत धावली. "पळ! पळ!" सगळे राज्य एका तोंडाने ओरडत होते. ळ क्षणभर थबकलाच. इतक्या जणांनी त्याला एकदम कधी उच्चारले नव्हते. पहिला दगड कपाळावर बसला तेव्हा तो वेशीबाहेर गेला आणि दार बंद झाले.

दुसऱ्या दिवशी राज्यात सका झाली. झाडे फांनी वाकली होती, पण ती मागायची कशी हे कोणाला उमगेना. कारभाऱ्याने वेशीवर आलेल्या पाहुण्याला कु विचारले, मू विचारले. पाहुणा त्याच्या उघड्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. म्हातारी ब ताट वाढून आली आणि बंद दाराला तोंड लावून तिने हाक मारली, "बा…"

पलीकडे कोणीतरी धडपडत उठून उभे राहिले.

"बा…" ती म्हणाली, आणि पुढचे तिला येईना.