टिंबूचा हलता दात

विषय : 'तिसरी ब' या कार्टून मालिकेतील टिंबू या पात्राचे वय आठवरून सोळा करण्यास संमती मिळणेबाबत.

अर्जदार : नेत्रा सापळे, मालिकेची मुख्य लेखिका.

संमती देणार : टिंबूचे मूळ चित्रकार भार्गव केळुसकर, सध्या मुक्काम देवरुखच्या पुढे, डोंगरावरचा मठ.

मुदत : सोमवार. तोवर सही न आल्यास चॅनेल मालिका दिवाळीत बंद करणार.

शेरा : अर्जदार शनिवारी दुपारी स्वतः अर्ज घेऊन डोंगर चढली. तेथे झालेलं बोलणं खालीलप्रमाणे.

"...मोठा करायचा की नाही, एवढंच सांगा ना, सर."

नेत्राने हे चपला काढता काढता विचारलं. एक चप्पल अजून पायातच होती.

केळुसकर पडवीत बसून चिंचा फोडत होते. चिंच एका परातीत, चिंचोके दुसरीत. मठात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली. प्रवचन त्यांनी कधी केलं नाही. दाढी वाढली म्हणून लोक बुवा म्हणू लागले, आणि छपराची गळती चालवून घ्यावी तसं बुवांनी ते चालवून घेतलं.

"पाणी पी," बुवा म्हणाले.

"नंतर. सर, सव्वीस वर्षं झाली. मी पहिला भाग बघितला तेव्हा मी तिसरीत होते. टिंबूही तिसरीत. आज मी चौतीस वर्षांची आहे आणि तो..."

"नापास होतोय."

"तुम्ही त्याला पास होऊ देत नाही."

हे खरं होतं. करारातच तसं कलम होतं. टिंबूच्या नाकाचा रंग बदलायला कुणाची परवानगी लागत नव्हती, पण त्याचं वय बदलायला बुवांची सही लागे.

"लोक काय म्हणतात?" बुवांनी विचारलं.

"अर्धे म्हणतात, मोठा केला नाहीत तर बघणं सोडू. अर्धे म्हणतात, मोठा केलात तर सोडू."

"म्हणजे सोडायचं ठरलंय. कारण तेवढं ठरायचंय."

नेत्रा हसली नाही. तिने दुसरी चप्पल काढली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"लोकांचं राहू दे. तुला काय वाटतं?"

"मला तो मोठा झालेला बघायचाय, सर." ती भरभर बोलू लागली. "तो पोहायला शिकतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पुढच्या भागात विहिरीला बघून पुन्हा घाबरतो. मी स्वतः त्याला किती वेळा पोहायला शिकवलंय. एकदा शिकला की शिकला, असं मला लिहायचंय. त्याला मिसरूड फुटू दे. त्याला गाव सोडू दे. त्याचं कुणाशी तरी कायमचं भांडण होऊ दे. मी सगळं काढून आणलंय. दाखवू?"

बुवांनी चिंचेचे हात धोतराला पुसले.

"दाखव."

नेत्राने पिशवीतून दोन कागद काढले. एकावर आठ वर्षांचा टिंबू. गोल डोकं, आखूड चड्डी, आणि विचार करताना नेहमी करतो तसं जिभेने पुढचा हलता दात ढकलत असलेला. दुसऱ्यावर सोळा वर्षांचा. लांब पाय, कपाळावर केस, सायकलला टेकून उभा.

चित्र फार चांगलं होतं. बुवांनी ते बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे चमकले, आणि हे नेत्राच्या नजरेतून सुटलं नाही.

"आवडलं तुम्हाला."

"सायकलला टेकण्याची ऐट छान आहे. तिची उंचीही बरोबर आली."

"मग सही?"

बुवा उठले. अंगणात गेले. दोन्ही कागद एकावर एक धरून त्यांनी उन्हासमोर उंच केले. मागचा टिंबू पुढच्यातून दिसू लागला. मग त्यांनी वरचा कागद बोटाने उचलला, सोडला. उचलला, सोडला.

आठ. सोळा. आठ. सोळा.

"मधली चित्रं?" त्यांनी विचारलं.

"मधे काही नाही. मधे पाटी येते. 'आठ वर्षांनंतर.'"

"पाटी."

"सगळीकडे तसंच करतात, सर."

"माझ्याकडे कामाला लागलीस तेव्हा पहिल्या दिवशी मी तुला काय दिलं होतं?"

नेत्राला ते चांगलं आठवत होतं. "दोन चित्रं. एकात टिंबूचा हात खाली, एकात वर. मधली काढ म्हणालात."

"तू किती काढलीस?"

"एक."

"आणि मी काय म्हणालो?"

"याने हात वर केलेला नाही, याला विंचू चावलाय."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, मधे चित्रं जितकी जास्त, तितका हात सावकाश वर जातो. सर, पण तो हात होता. ही आठ वर्षं आहेत. आठ वर्षं कोण काढत बसणार?"

बुवांनी सोळाचा टिंबू डोळ्यांजवळ नेला.

"याचे दात सगळे जागेवर आहेत."

"सोळाव्या वर्षी असणारच की."

"तो हलणारा?"

"पडला."

"केव्हा?"

"...पाटीच्या मागे."

"कौलावर कुणी टाकला?"



पहिल्याच भागात टिंबूचे आजोबा, नाना, त्याला म्हणाले होते, "पडला की माझ्याकडे दे. दुधाचा दात माडीच्या कौलावर जायला हवा, नाहीतर नवा वाकडा येतो. मी टाकीन." तेव्हापासून सव्वीस वर्षं तो दात हलत होता आणि नाना वाट बघत होते. दात कोणत्याही आठवड्यात पडेल असं वाटे, पण कधीच पडत नसे. यावर मालिकेचा अर्धा खर्च निघाला असं चॅनेलमधले लोक म्हणत.

"या सोळाच्या टिंबूच्या घरात नाना कुठे बसतात?" बुवांनी विचारलं.

"नाना तसे... नव्या कथेत फारसे..."

"कुठे आहेत?"

"भिंतीवर."

"फोटो?"

"हो."

"हार?"

नेत्राने मान खाली घातली. "आहे. बारीकच काढलाय."

"म्हणजे तेही पाटीच्या मागेच."

...

नाना काढताना बुवांनी आपल्या वडिलांचा चेहरा घेतला होता. हल्ली त्यांना आरशात नाना दिसत. याची तक्रार कुठे नोंदवायची ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बुवा पडवीत येऊन बसले. एक कोरा कागद त्यांनी नेत्रापुढे सरकवला.

"एकच चित्र काढ. दात पडला त्या दिवसाचं. नाना दात टाकताहेत."

"त्याने सही मिळेल?"

"आधी चित्र."

नेत्राने पेन्सिल घेतली. हे तिला येत होतं. अंगण, माडी, माडीचं उतरतं छप्पर, नानांचं धोतर. मग ती अडली.

"सर, उठा जरा. हात कसा जातो ते करून दाखवा. पूर्वी दाखवायचात तसं."

बुवांनी परातीतून दातापेक्षा थोडा मोठा असा एक चिंचोका उचलला. मठाच्या सभामंडपाचं छप्पर मालिकेतल्या माडीएवढंच उंच होतं. ते अंगणात उभे राहिले, हात मागे नेला आणि चिंचोका फेकला.

तो भिंतीवर आपटून त्यांच्या पायाशी आला.

"पुन्हा," नेत्रा म्हणाली. तिची पेन्सिल चालू होती.

दुसरा छपराखालच्या वाशाला लागला. तिसरा कुठे गेला ते कळलंच नाही.

मठात स्वयंपाक करणाऱ्या सरूबाई आवाज ऐकून दारात आल्या.

"बुवा, आत्ताच कौलं परतून घेतलीत. आणि चिंचोके मी भाजायला ठेवलेत, दगडफेकीला नाहीत."

"सरूबाई, दात टाकतोय."

"तुमच्या तोंडात दात उरलाय कुठे टाकायला?" असं म्हणून त्या आत गेल्या.

बुवा पायरीवर टेकले. त्यांना धाप लागली होती. नेत्राने आपल्या कागदाकडे पाहिलं. नानांचा खांदा अर्ध्यावर अडकला होता, आणि तो तसाच खरा वाटत होता.

"नानांचा हात पुरत नाही," ती हळूच म्हणाली.

"मी कुठे म्हटलं पुरतो?"

"पण पहिल्या भागात तर ते म्हणाले..."

"आजोबा माणूस असं म्हणतोच."

नेत्रा ताडकन उठली. "मग टिंबू स्वतः टाकेल."

"टाक."

तिने चिंचोका घेतला. कोपर बरगडीला चिकटवलं, गुडघे वाकवले, आठ वर्षांच्या मुलाएवढी झाली, आणि फेकला. चिंचोका खिडकीच्या गजाला लागून परत आला. तिने आणखी एक फेकला. मग आणखी एक. अंगणभर चिंचोके झाले. तिच्या कपाळावर घाम आला होता, केस सुटले होते, आणि आता तिला सोमवार आठवत नव्हता.

"पुरत नाही, सर. हलकी वस्तू वर जातच नाही."

"आता आपल्या हाताने टाक."

नेत्रा सरळ उभी राहिली. हात मोकळा सोडला. चिंचोका वर गेला, कौलावर पडला, टक टक करत घरंगळला आणि दोन कौलांच्या खाचेत थांबला.

दोघं वर बघत राहिली.

"नानांचा आता पुरत नाही," बुवा म्हणाले. "टिंबूचा अजून पुरत नाही. दात पडलाय. कुठे ठेवायचा?"

"खिशात."

हे तिच्या तोंडून आपोआप निघालं, आणि मग ती थांबेना.

"खिशात ठेवेल, सर. काडेपेटीत. नाना म्हणतील, हात लांब होईपर्यंत सांभाळ. दर वर्षी शाळेला सुट्टी लागली की दोघं अंगणात येतील. नऊ वर्षांचा असताना खिडकीपर्यंत जाईल. दहाव्या वर्षी वाशापर्यंत. एकदा काडेपेटी हरवेल, अख्खा भाग तिच्या शोधात जाईल. एकदा त्याला त्या दाताची लाज वाटेल, मित्रांपुढे लपवेल. पोहायला शिकेल तो शिकलेलाच राहील. पाटी नकोच कुठे. चौथी ब, पाचवी ब..."

"मालिकेचं नाव 'तिसरी ब' आहे."

"बदलेल."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"चॅनेल काय म्हणेल?"

"बोंब मारेल," नेत्रा म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "मारू दे. आधी दिवाळीत बंद करणारच होते, त्याहून वाईट काय करतील? सर, हा मोठा होईल. पाटीशिवाय, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि ज्यांना लहान टिंबू हवाय त्यांच्यासाठी तो दात आहे ना खिशात."

बुवा तिच्याकडे बघत होते. ती लहान असताना पहिला भाग बघताना कशी दिसली असेल, याचा त्यांना आता अंदाज आला.

नेत्राने अर्ज काढला. पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.

"करा सही."

बुवांनी अर्ज वाचला. सरकारी कागद वाचावा तसा, वरपासून खालपर्यंत.

"यात आठवरून सोळा लिहिलंय."

नेत्राने पेन परत घेतलं. 'सोळा'वर एक आडवी रेघ मारली. त्या जागी काहीतरी लिहायला तिने हात टेकवला.

हात तसाच राहिला.

...

"सर."

"हं."

"तो दात शेवटी कौलावर जाईल. तेवढा त्याचा हात लांब होईल, त्या दिवशी..."

तिने अंगणाकडे पाहिलं. सगळीकडे चिंचोके पडले होते. पायरीवर बसलेल्या बुवांची धाप अजून पुरती बसली नव्हती.

"त्या दिवशी नाना बघायला असतील ना?"

बुवांनी वाकून एक चिंचोका उचलला, धोतराला पुसला आणि तिच्या मुठीत ठेवून मूठ मिटवली.

"ते तू मधे किती चित्रं काढतेस त्यावर आहे."

...

सोमवारी अर्ज चॅनेलच्या बैठकीपुढे सहीविना ठेवण्यात आला. सोबत एक चित्र जोडलं होतं : अंगणात हात अर्धवट वर गेलेला एक म्हातारा, आणि शेजारी खिशावर हात ठेवून उभा असलेला एक मुलगा. चित्र टेबलाभोवती सर्वांच्या हातून फिरलं. बैठक नेहमीपेक्षा जास्त लांबली. मालिका बंद करण्याचा निर्णय त्या दिवशी झाला नाही, चालू ठेवण्याचाही झाला नाही.

वयाच्या रकान्यात 'सोळा' खोडलेलं आहे. त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.

अर्ज प्रलंबित आहे.