मिरीचा दाणा आणि करंजीचा भाऊ

एक होती मुंगी.
काळी काळी. इवली इवली.
मिऱ्याच्या दाण्याहूनही लहान.
म्हणून तिचं नाव मिरी.

मिरी राहायची नानांच्या स्वयंपाकघरात. ओट्याच्या कडेला एक फट होती. फटीत तिचं घर होतं.

त्या दिवशी होती भाऊबीज.
मिरीचा दादा येणार होता. लांबून येणार होता. थेट जिन्याखालून.
दादा म्हणाला होता, "ऊन ओट्यावर आलं की मी आलोच."

मिरीनं दादासाठी एक दाणा आणला. खसखशीचा दाणा. पांढरा आणि गोल.
दाणा डोक्यावर घेतला आणि निघाली घरी.
तुरु तुरु, तुरु तुरु.

ओट्यावर नाना करंज्या करत होते. शेजारी स्टुलावर बसली होती त्यांची नात कनू. कनू एक करंजी भरत होती. शेवटची करंजी.
मिरी वाटीच्या काठावरून चालली. वाटी होती तुपाची, काठ होता निसरडा.
मिरी घसरली. सुर्रर्र.
दाणा पडला. टुप.
कुठे पडला? करंजीच्या सारणात पडला.
कनूनं करंजी मिटली. नानांनी कातणं फिरवलं. कर्र कर्र, कर्र कर्र.
करंजीचं तोंड बंद. दाणा आत, मिरी बाहेर.

मिरी गेली करंजीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"करंजीताई, करंजीताई, ऐक ना.
माझा दाणा मिळेना.
तू तोंड उघडतेस का?"
करंजी तोंड मिटूनच म्हणाली, "मम्म. मी आहे कच्ची. भाजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही."

कोण भाजणार? फुंकू भाजणार.
फुंकू म्हणजे नानांचा नवा एअर फ्रायर. पोटात जाळ नाही, कढईभर तेल नाही. नुसती गरम गरम फुंकर. म्हणून कनूनं त्याचं नाव ठेवलं फुंकू.

मिरी गेली फुंकूकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"फुंकूकाका, फुंकूकाका, ऐका ना.
करंजी तोंड उघडेना,
माझा दाणा मिळेना.
तुम्ही करंजी भाजता का?"
फुंकू म्हणाला, "भाजेन की. पण बटण दाबल्याशिवाय मी फुंकत नाही."

बटण कोण दाबणार? नाना दाबणार.
मिरी गेली नानांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"नाना, नाना, ऐका ना.
फुंकू काही फुंकेना,
करंजी तोंड उघडेना,
माझा दाणा मिळेना.
तुम्ही बटण दाबता का?"
नाना खाली वाकले. आणखी वाकले.
"कोण, मिरी का? दिसत नाहीस गं. मला आकडेही दिसत नाहीत. एकशे साठ कुठलं आणि एकशे नव्वद कुठलं? सहा उलटा झाला की नऊ होतो. चुकलं तर करंज्या जळतील. आज माझी ताई यायची आहे. ती काय म्हणेल? नाही बाई. चष्म्याशिवाय मी बटण दाबत नाही."

चष्मा कुठे होता? परातीत होता.
मिरी गेली चष्म्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"चष्मेबुवा, चष्मेबुवा, ऐका ना.
नाना बटण दाबेनात,
फुंकू काही फुंकेना,
करंजी तोंड उघडेना,
माझा दाणा मिळेना.
तुम्ही नानांच्या नाकावर बसता का?"
चष्मा शिंकला. फटाक छीं.
"बसून काय करू? सगळं पीठ माझ्यावर सांडलंय. मला वाटतंय बाहेर बर्फ पडतोय. पुसल्याशिवाय मला काही दिसत नाही."

कोण पुसणार? फडकं पुसणार.
फडकं होतं दोरीवर. दोरी होती खिडकीपाशी.
मिरी गेली फडक्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"फडकेबाई, फडकेबाई, ऐका ना.
चष्म्याला काही दिसेना,
नाना बटण दाबेनात,
फुंकू काही फुंकेना,
करंजी तोंड उघडेना,
माझा दाणा मिळेना.
तुम्ही चष्मा पुसता का?"
फडकं म्हणालं, "बघ, मी अजून ठिबकतेय. ठिप ठिप, ठिप ठिप. आता पुसलं तर पिठाचा चिखल होईल. वाळल्याशिवाय मी पुसत नाही."

कोण वाळवणार? वारा वाळवणार.
वारा होता बाहेर. खिडकी होती बंद.
मिरी काचेपाशी गेली. तुरु तुरु, तुरु तुरु. खालच्या फटीतून डोकं बाहेर काढलं.
"वारेदादा, वारेदादा, ऐक ना.
फडकं काही वाळेना,
चष्म्याला काही दिसेना,
नाना बटण दाबेनात,
फुंकू काही फुंकेना,
करंजी तोंड उघडेना,
माझा दाणा मिळेना.
तू फडकं वाळवतोस का?"
वारा म्हणाला, "सूंऽऽ, वाळवतो की. पण या फटीतून माझी शेपटीसुद्धा आत यायची नाही. खिडकी उघडल्याशिवाय मी आत येत नाही."

आणि ऊन? ऊन आलं खिडकीत.
आता ऊन ओट्यावर येईल. दादा येईल. दाणा कुठे आहे?

खिडकी कोण उघडणार? कनू उघडणार. कनू बसली होती स्टुलावर. गाल फुगवून बसली होती.
मिरी गेली कनूकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.
"कनूताई, कनूताई, ऐक ना.
वारा आत येईना,
फडकं काही वाळेना,
चष्म्याला काही दिसेना,
नाना बटण दाबेनात,
फुंकू काही फुंकेना,
करंजी तोंड उघडेना,
माझा दाणा मिळेना.
तू खिडकी उघडतेस का?"
कनू म्हणाली, "नाही."
मिरी म्हणाली, "का गं?"
कनू म्हणाली, "नानांनी करंज्या केल्या. एक, दोन, तीन, खूप केल्या. पण मोदक केला का? नाही केला. करंजी म्हणजे बहीण. मोदक म्हणजे भाऊ. करंज्या केल्या की एक तरी मोदक करायचा असतो. आज तर भाऊबीज आहे. मग करंजी ओवाळणार कुणाला?"
"नानांना सांगितलंस?"
"सांगितलं. नाना म्हणाले, फुंकूच्या पुस्तकात मोदकाचं काही लिहिलेलं नाही. आणि म्हणाले, पीठ संपलं. मोदकाशिवाय मी खिडकी उघडत नाही. जा."

मिरी गेली ओट्याच्या कोपऱ्यात. गुपचूप बसली. एकटीच म्हणाली,
"कनू खिडकी उघडेना,
वारा आत येईना,
फडकं काही वाळेना,
चष्म्याला काही दिसेना,
नाना बटण दाबेनात,
फुंकू काही फुंकेना,
करंजी तोंड उघडेना,
माझा दाणा मिळेना."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणी नव्हतंच.
मिरीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. पोळपाटाखाली पाहिलं.
पोळपाटाखाली काय होतं?
पिठाची एक पट्टी होती. कातण्यानं कापलेली. कडेला नक्षी असलेली. नानांनी सगळ्या पट्ट्या गोळा केल्या, तेव्हा ही तेवढी सरकून खाली गेली होती.
माणसांना ती दिसली नाही. मुंगीला दिसली.

मिरीनं पट्टी धरली. ओढली. हलेना.
पुन्हा ओढली. हैशा. थोडी हलली.
हैशा, हैशा. आणखी थोडी हलली.
हैशा, हैशा, हैशा. पोळपाटाच्या बाहेर आली.
कनूच्या बोटापाशी आली.

"कनूताई," मिरी धापा टाकत म्हणाली, "हे घे पीठ."
कनूनं गाल सोडले. फुस्स.
पट्टीचा गोळा केला. गोळ्याची वाटी केली. वाटीत चिमूटभर सारण घातलं. पाच कळ्या काढल्या. वर शेंडी ओढली.
झाला मोदक. केवढा? चिंचोक्याएवढा.
कनूनं तो ताटात ठेवला. शेवटच्या करंजीला अगदी चिकटून.

मग काय झालं?
कनूनं खिडकी उघडली. खट.
वारा आत आला. सूंऽऽऽ.
फडकं वाळलं. फड फड, फड फड. वाळलं आणि उडालं. उडालं आणि पडलं. पडलं थेट परातीत.
नाना म्हणाले, "अरे, फडकं कुठे चाललं?" फडकं उचललं, तर आत काहीतरी टणक लागलं. चष्मा.
नानांनी चष्मा पुसला. एकदा पुसला. दोनदा पुसला. मग नाकावर ठेवला.
"हा सहा. हा नऊ. कनू, हा सहाच ना?"
"सहाच आहे, नाना."
नानांनी करंज्या फुंकूच्या टोपलीत मांडल्या. मांडता मांडता थांबले.
"हा कोण इवलासा?"
"करंजीचा भाऊ," कनू म्हणाली. "पीठ मिरीनं आणलं."
नानांनी कपाळावर हात मारला. कपाळ पांढरं झालं.
"मी विसरलोच होतो गं. पुस्तक वाचता वाचता घरचंच विसरलो."
त्यांनी मोदकाला तुपाचं बोट लावलं. करंजीशेजारी बसवलं.
आणि बटण दाबलं. टुक.
फुंकू फुंकू लागला. घूंऽऽ, घूंऽऽ, घूंऽऽ.

नाना फुंकूच्या काचेतून आत बघत होते. कनू बघत होती. मिरी बघत होती. ऊन खिडकीतून खाली उतरत होतं.
घूंऽऽ, घूंऽऽ. टिंग.

टोपली बाहेर आली. वास आला. तुपाचा, वेलचीचा, खोबऱ्याचा.
करंज्या झाल्या सोनेरी. मोदक झाला सोनेरी.
आणि शेवटच्या करंजीचं तोंड? उघडलं होतं. एवढंसं.
नाना म्हणाले, "अगं बाई, ही फुटली."
कनू म्हणाली, "फुटली नाही काही. भाऊ शेजारी बसला ना, म्हणून हसली."
नानांनी करंजीकडे नीट पाहिलं. खरंच, हसतच होती.
"मग असू दे," नाना म्हणाले.

करंजी गार झाली. मिरी तिच्याजवळ गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.
करंजी म्हणाली, "हा घे तुझा दाणा. आणि हा आणखी एक. हा माझ्याकडून. पीठ तू आणलंस, म्हणून मला भाऊ मिळाला."
टुप. टुप.
मिरीनं एक दाणा डोक्यावर घेतला. दुसरा ढकलत नेला.

ऊन आलं ओट्यावर.
फटीच्या दाराशी कुणीतरी उभं होतं. काळं काळं. इवलं इवलं.
"मिरे, आहेस का घरी?"
"दादा आला," मिरी म्हणाली.
तिनं दादाला पाटावर बसवलं. पाट कशाचा? तांदळाच्या दाण्याचा. ओवाळलं, आणि खसखशीचा दाणा दादाच्या पुढ्यात ठेवला.
दादानं चाखला. "भाजलेला आहे," तो म्हणाला. "गोड लागतोय. असा कुठे मिळाला?"
"सांगते," मिरी म्हणाली. "पण गोष्ट लांब आहे. आधी खा."

इतक्यात बाहेर बेल वाजली. टिंग टाँग.
नानांची ताई आली. काठी टेकत आली. टक टक, टक टक. आत आल्या आल्या म्हणाली, "मधू, करंज्या केल्यास म्हणे. मोदक केलास का रे?"
नानांनी कनूकडे पाहिलं. कनूनं फटीकडे पाहिलं.
नाना म्हणाले, "केला ना, ताई. करंजीला भावाशिवाय कसं ठेवीन?"
ताईनं मोदक तळहातावर घेतला. चष्मा लावून पाहिला.
"हा मोदक होय?" ती म्हणाली. "मला वाटलं चिंचोका आहे."
सगळे हसले. करंजी तर आधीपासूनच हसत होती.

फुंकू गार झाला,
दाणा घरी गेला.
गोष्ट होती खुसखुशीत,
ती आता तुमच्या कुशीत.